काट्याची टक्कर: हा काटा नक्की कुठला?

प्रश्न असा आलाय: ‘अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या बातम्यांत सारखं काट्याची टक्कर, काट्याची टक्कर ऐकू येतं. हा काटा बाभळीचा का? शब्दप्रयोग मराठी की हिंदीतून उचललेला? आणि निवडणुकीला हे सगळे खेळातलेच शब्द का लावतात?’

आधी माझा राग काढून घेतो. चॅनलवाल्यांना दोन माणसं समोरासमोर उभी दिसली की लगेच काट्याची टक्कर. परवा कुणीतरी रीगन विरुद्ध मॉन्डेललासुद्धा काट्याची म्हणताना ऐकलं. अहो, १९८४ साली रीगननी ५० पैकी ४९ राज्यं घेतली, इलेक्टोरल मतं (राज्याराज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं; बहुतेक ठिकाणी राज्य जिंकणाऱ्याला तिथली सगळी मिळतात) ५२५ विरुद्ध १३, मॉन्डेलना घरचं मिनेसोटा आणि राजधानीचं वॉशिंग्टन सोडून काही मिळालं नाही. याला टक्कर तरी कसं म्हणायचं, काटा तर दूरच राहिला.

हिंदीतून आलंय का? हो, आलंय, ‘कांटे की टक्कर’वरून सरळ उचललंय, त्यात लाजण्यासारखं काय आहे. शुद्धलेखनवाल्यांना नको असेल तर त्यांनी ‘चुरशीची’, ‘अटीतटीची’ लिहावं, कुणी अडवलंय. बाभळीचा काटा, माशाचा काटा, घड्याळाचा काटा हे सगळे एकाच संस्कृत ‘कण्टक’चे नातेवाईक, तेही सोडून देऊ. आपल्याला हवाय तो तराजूचा काटा. दांडीच्या मधोमध जी सुई असते ना, ती. दोन्ही पारडी तंतोतंत सारखी झाली की ती सरळ उभी राहते, गुंजभर फरक पडला की कलते. सोनार आपला काटा काचेच्या पेटीत का ठेवतो? कारण पंख्याच्या वाऱ्यानेही तो हलतो. हिंदीत ‘कांटे की तौल’ म्हणजे ना कमी ना जास्त असं माप, आपल्याकडे १८५७च्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही कांटा शब्दाखाली तराजू आहेच, आणि कुस्तीच्या बातम्यांतली ‘काटाजोड’ लढत म्हणजे वजनाला आणि ताकदीला सारखे पैलवान. एवढं सगळं समोर असताना काही विद्वान मंडळी सांगतात की हा काटा कोंबड्याच्या पायाचा! म्हणजे नर कोंबड्याच्या पंजाच्या वर जी अणकुचीदार नखी असते, झुंजीत जिने तो दुसऱ्याला फाडतो, ती. हिंदीत तिलाही काँटा म्हणतात हे मला मान्य आहे, पण मग ‘कांटे की तौल’चं काय करायचं, कोंबडा तोलायचा? झुंजीत एक कोंबडा पहिल्या झटक्यात मेला तरी काटा वापरलेला असतोच की, मग ती एकतर्फी झुंजही काट्याची म्हणणार का? या शब्दाचा जीव बरोबरीत आहे आणि बरोबरी दाखवायचं काम नखी करत नाही, सुई करते. ऐकायला रक्तबंबाळ वाटतं म्हणून कोंबडा लोकांना आवडतो, बाकी त्यात काही नाही.

आता खरी काट्याची टक्कर बघायची तर २००० सालचं फ्लोरिडा बघा. बुश आणि गोर, जवळजवळ ६० लाख मतं, आणि फरक ५३७. पंच मारून भोक पाडायच्या मतपत्रिका होत्या, काहींचं भोक पूर्ण पडलेलं नव्हतं, कागदाचा बारीकसा तुकडा एका कोपऱ्याने लटकत राहिलेला, त्याला चॅड म्हणतात. ब्रॉवर्ड काउंटीतले एक न्यायाधीश भिंग लावून, डोळे वटारून तो तुकडा बघतायत असा फोटो तेव्हा जगभर छापून आला होता. तो फोटो बघा आणि मला सांगा सोनार आठवतो की कोंबडा. शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली आणि इलेक्टोरल मतं २७१ विरुद्ध २६६ वर विषय संपला.

आणि गंमत बघा, २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्सने मतमोजणीच्या रात्री वेबसाइटवर खरोखरचा काटा लावला! अर्धगोल डायल, एका बाजूला हिलरी क्लिंटन, दुसऱ्या बाजूला ट्रम्प आणि मधे सुई. त्याच पेपरचा मतदानाआधीचा अंदाज हिलरींना जिंकायची ८५ टक्के शक्यता देत होता, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत तो काटा सरकत सरकत पार पलीकडे गेला. शिवाय तो थरथरायचा, आणि ती थरथर मुद्दाम ठेवलेली होती, अंदाजात अनिश्चितता किती आहे ते दिसावं म्हणून. लोक वैतागले, शिव्या घातल्या, पण बघायचं कुणी सोडलं नाही. शेवटच्या ओव्हरला स्क्रीनच्या कोपऱ्यात जिंकायची टक्केवारी येते ना, हे तेच. योगायोगही नाही हा, कारण या असल्या अंदाजांना लोकप्रिय करणारा नेट सिल्व्हर मुळात बेसबॉल खेळाडूंच्या कामगिरीचं गणित मांडायचा, २००८ साली तो निवडणुकीकडे वळला आणि एकूण इलेक्टर ५३८ म्हणून साइटचं नाव फाइव्हथर्टीएट. २०१६ला त्याने ट्रम्पना साधारण २९ टक्के दिले होते. २९ टक्के म्हणजे साडेतीन मॅचमागे एक, हे क्रिकेट बघणाऱ्याला सांगायला लागत नाही, पण हिलरींच्या फॅनांनी त्याचा अर्थ शून्य असा घेतला, कारण आपली टीम असली की टक्केवारी कोण वाचतो.

खेळाचे शब्द का, त्याचं उत्तर यातच आलं खरं तर. तिकडचे पुढारीही तसंच बोलतात. २०२४ साली कमला हॅरिस यांच्यासोबतचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ, हे गृहस्थ एकेकाळी हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे कोच, त्यांनी पक्षाच्या अधिवेशनात सरळ सांगितलं की चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर चाललाय, आपण एका फील्ड गोलने (म्हणजे तीनच गुणांनी) मागे आहोत पण बॉल आपल्याकडे आहे. माझा भाचा एडिसनला असतो, व्हिसावर, मत द्यायचा अधिकार नाही, न्यू जर्सीत तशीही काही चुरस नसते, तरी बुधवारी पहाटे आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज: ‘मामा, आपलं पेनसिल्व्हेनिया गेलं!’ आपलं! हा ‘आपण’ फक्त फॅनच वापरतो.

हरल्यावरचा फॅनही ओळखीचाच. आपल्याकडे उसाच्या वजनात कारखान्याने खोट केली की शेतकरी म्हणतो ‘काटा मारला’, आणि काटामारीविरुद्ध आंदोलनं होतात, ती बऱ्याचदा रास्त असतात. २०२०ला ट्रम्पसमर्थकांनी जॉर्जिया राज्यात हीच ओरड केली. तिथे बायडन ११,७७९ मतांनी पुढे होते. मतं तीनदा मोजली, त्यातली एक मोजणी अख्खी हाताने, तिन्ही वेळा काटा त्याच बाजूला कलला. तरी ट्रम्पनी २ जानेवारी २०२१ला तिथल्या निवडणूक प्रमुखांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं, म्हणजे बरोबर एक मत जास्त. हे मात्र काट्याचं माप झालं!

आता २०२४बद्दल तुम्ही विचारणारच. इलेक्टोरल मतं ३१२ विरुद्ध २२६, चुरशीची सातही राज्यं ट्रम्पना. मतदानापर्यंतच्या चाचण्या बघून काट्याची म्हटलं असेल तर बरोबर होतं. निकालानंतरही विस्कॉन्सिनपुरतं म्हणा, तिथे फरक ३० हजारांच्या आत होता. तराजूचं असंच असतं, गुंजभर वजनाने पारडं खाली जातं आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं मणभर फरक होता. पण सगळ्या निवडणुकीला म्हणू नका. आणि कोंबडेवाल्यांना सांगणं एवढंच की झुंजीच्या अर्थाने ‘कांटे की टक्कर’ वापरल्याचा एक तरी जुना दाखला आणा, मग पुढचं बोलू.