वाहन-विचारणा : हॅलोजन काढून एचआयडी बसवताना

प्रश्न : जुन्या जिप्सीच्या बंपरवर एच-३ बल्बचे, ५५ वॉटचे दोन गोल ड्रायव्हिंग लॅम्प आहेत. शेताच्या कच्च्या वाटेवर उजेड पुरत नाही. ३५ वॉटचं एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या आर्कने, म्हणजे विजेच्या ठिणगीने, उजळणाऱ्या बल्बचं) किट टाकू का? वायरिंग तेच चालेल का? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : किट घेण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू आणि दोन्ही दिवे पेटलेले असताना आधी बॅटरीवर, मग लॅम्पच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ आणि लॅम्पपाशी १२ दिसले, तर हॅलोजनचा जवळपास ४० टक्के उजेड वाटेतच गेला समजा. स्विचमधूनच सगळा करंट नेला की असं होतं. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढल्यावर कित्येकदा एचआयडीची गरजच उरत नाही.

बसवायचंच असेल तरी हेच वायरिंग लागेल. ३५ वॉटचा बॅलास्ट (बल्बला लागणारं जास्त व्होल्टेज तयार करणारा किटमधला डबा) एरवी ३ ते साडेतीन अँपिअर घेतो, पण पेटताना पहिले काही सेकंद त्याच्या दुप्पट किंवा जास्तच ओढतो. ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले घ्या. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस, वाटेत २० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. ८७ वरून दोन्ही बॅलास्ट, ८६ वर जुन्या स्विचची वायर, ८५ ला अर्थ (मायनसची जोडणी).

एच-३ बल्बला वायर एकच. अर्थ लॅम्पच्या बॉडीतून मिळतो. बॅलास्टला मात्र वेगळा मायनस द्यावा लागतो आणि प्लस-मायनस उलटं चालत नाही. लॅम्पच्या मागे भोक पाडून किटचा रबरी ग्रॉमेट बसवा. तो सैल राहिला की पहिल्याच पावसात आत पाणी शिरून रिफ्लेक्टर खराब होतो. बॅलास्ट मॅनिफोल्ड-रेडिएटरपासून दूर, कनेक्टरचं तोंड खाली. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बॉनेटखालचं तर विचारूच नका. बॅलास्टपासून बल्बकडे जाणारी जाड वायर तोडून लांबवू नका, पेटताना तीत २० हजारांवर व्होल्ट असतात. काम करताना बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि बल्बची काच बोटांनी धरू नका.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. एच-३ची तार आडवी असते, एचआयडीचा आर्क बल्बच्या लांबीत असतो. रिफ्लेक्टर आडव्या तारेसाठी घडवलेला, त्यामुळे उजेड दुपटीने वाढला तरी झोत फाकतो आणि लांबचा पल्ला त्या मानाने वाढत नाही.

प्रश्न : किट बसवलंय. डावा दिवा दोन-तीनदा फडफडतो आणि विझतो, उजवा ठीक आहे. बॅलास्ट गेला का? (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : नवीन घेऊ नका, आधी दोन्ही बॅलास्टची अदलाबदल करा. दोष उजवीकडे गेला तर बॅलास्ट खराब. डावीकडेच राहिला तर आता बल्ब अदलाबदल करा. तरीही डावाच फडफडला तर वायरिंग, आणि त्यात बहुधा अर्थ. बंपरच्या रंगावर नुसता स्क्रू आवळून अर्थ होत नाही. रंग खरवडून पत्रा उघडा करा किंवा वायर सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. इंजिन सुरू करण्याआधी दिवे लावत असाल तर तेही थांबवा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं आणि बॅलास्ट बंद होतो.

प्रश्न : थारच्या मूळ एच-४ हेडलाइटमध्येच ८००० केल्विनचं (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) किट टाकलं तर? (एक वाचक, काटोल रोड)

उत्तर : नको. एच-४ च्या लो-बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, तीच समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड अडवते. एचआयडी बल्बमध्ये ती जागा अचूक जुळत नाही, आणि दुपदरी रस्त्यावर समोरचा आंधळा होतो. हेडलॅम्प ज्या बल्बसाठी प्रमाणित आहे, तोच त्यात हवा. शिवाय लो-बीमवरून हाय करायला एचआयडी विझवून पेटवावी लागली, तर पूर्ण उजेडाला काही सेकंद लागतात. डिपर मारणं विसरा. ८००० केल्विनचा निळसर उजेड धुळीत आणि पावसात डोळ्यांपुढे पांढरा पडदा धरतो. रस्त्याबाहेरच्या लॅम्पसाठीही ४३०० केल्विनच घ्या, आणि डांबरी रस्त्यावर त्यांना झाकणं घाला.