तिसऱ्या ओळीची पहिली तीन अक्षरं

प्रिय पोरी,

तुझे बारा शिजो, त्या तीन ओळींच्या कोरियन कविता, वाचले. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने आकडे मांडलेस: ३-४-४-४, ३-४-४-४, ३-५-४-३. एका पानावर ‘घरात’ची तीन अक्षरं धरलीस, पुढच्या पानावर उच्चाराप्रमाणे, घ-रात, दोनच. आणि खाली प्रश्न, ‘नक्की मोजायचं कसं?’

अगं, कोरियन लिपीत एक ठोकळा म्हणजे एक उच्चार, त्यांना हा घोळ नाही. आपण अभंगात सहा-सहा-सहा-चार मोजतो तेव्हा लिहिलेलं अक्षर धरतो; तू तेच धर आणि मोकळी हो. तिकडचे कवीही गटात एखाददुसरं अक्षर कमीजास्त करतात. ओळ १४ ते १६ अक्षरांची, तिन्ही मिळून ४५च्या आसपास, झालं. हलत नाहीत ती फक्त तिसऱ्या ओळीची पहिली तीन. कविता तिथे वळते. तुझ्या बारापैकी अकरा वळतच नाहीत, रिकाम्या थांब्यावरून एसटी जावी तशा निघून जातात.

ह्वांग जिनी घे. सोळाव्या शतकातली किसेंग, मैफलीत गाणारी. पहिल्या ओळीत ती हिवाळ्यातल्या लांबलचक रात्रीची कंबर कापून काढते. दुसरीत तो तुकडा वसंतवाऱ्याच्या पांघरुणाखाली वेटोळं करून ठेवते. (तिथला शब्द ‘सॉरीसॉरी’ असा ऐकू येतो, हसू नकोस.) तिसरी उघडते ‘ऑरोन निम’ने. तीन उच्चार, अर्थ जिवलग. एवढी कापाकापी कुणासाठी, ते आत्ता कळतं! तो येईल त्या रात्री ती हा तुकडा उलगडणार. एकटी आहे असं ती कुठे म्हणते का?

चोंग मोंग-जू, राजाशी एकनिष्ठ राहिलेला मंत्री, १३९२ मध्ये मारला गेला. त्याच्या नावावरच्या शिजोत दोन ओळी नुसतं मरण, शंभरदा मरण, हाडांची माती. मग ‘निम ह्यांगहान’, स्वामीकडे वळलेलं. पुन्हा तीनच.

आणि तू तिसऱ्या ओळीत काय करतेस? तात्पर्य सांगतेस. ‘आठवणींना अंत नसतो.’ कुणी विचारलं होतं? शिजो मुळात गायचा. गाताना शेवटचा तीन अक्षरांचा गट चक्क गाळतात. तू शेवटाला जपून ठेवलेलं शहाणपण गायकाने तोंडातूनही काढलं नसतं.

चिडतोय, कारण हे मी केलंय. वडील गेले तेव्हा त्यांच्या चष्म्याच्या घरात एसटीचं घडी केलेलं तिकीट सापडलं. आमच्या गावाचं, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवसाचं. त्या लग्नाला ते आले नव्हते. तिकीट अक्षरांत बसेना, म्हणून काढलं आणि लिहिलं, ‘काळापुढे सारे व्यर्थ’. दिवाळी अंकात छापून आलं, लोकांनी पाठ थोपटली. ‘तिकीट’ तीन अक्षरी आहे, हे मला नऊ वर्षांनी सुचलं.

तीस वर्षांत माझे म्हणावेत असे शिजो सात. आळशी म्हणतात मला. म्हणोत. दुसऱ्या ओळीपर्यंत शंभर झाले असतील, पण वळण सापडलं नाही तर मी वही मिटतो. नावच बघ ना, शिजो. मराठीत तर ती आज्ञाच वाटते. हा माझा हट्ट आहे की बचाव, ते माझं मलाही नेहमी सांगता येत नाही. तरी तिसऱ्या ओळीची पहिली तीन अक्षरं सापडेपर्यंत तू कुणाला काही दाखवू नकोस. मलासुद्धा.

राहिला नववा. आई मोजून पोळ्या लाटते, तुला तीन, तिला एक. दोन ओळी एवढंच. मग:

बाबांच्या वाटणीच्याही लाटते दोन अजून

हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. आणि शेजारी तू लिहिलंयस, ‘तिसऱ्या गटात एक अक्षर जास्त, रद्द’. खोडरबर घे आणि तो शेरा पूस.

तुझा,
काका