सोलापूरहून दक्षिणेचे अंधूक तारकासमूह दिसतात का?

सोलापूरहून दक्षिण आकाशातील अंधूक तारकासमूह दिसू शकतात का आणि त्यासाठी कोणती दुर्बीण घ्यावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि मी ते इतक्या ठामपणे देतो कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालला होता.

माझे मेहुणे ऑस्ट्रेलियात पर्थला असतात. तेथे त्रिशंकू (सदर्न क्रॉस) हा तारकासमूह जवळजवळ कधीच मावळत नाही, आणि ते फोनवर मला ऐकवीत, ‘‘दाजी, अगस्त्य सोडला तर तुमच्या आकाशात दक्षिणेचे काहीच नाही.’’ या म्हणण्याला गणिताचा आधार नाही. सोलापूरचे अक्षांश १७.७ उत्तर, ते नव्वदातून वजा केले की ७२.३ उरतात, म्हणजे दक्षिण क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे दक्षिणेकडील अंतर) ७२ अंशांपर्यंतचा प्रत्येक तारा आपल्या क्षितिजावर कधी ना कधी येतोच. त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा ९ अंश वर चढतो आणि मित्र (आल्फा सेंटॉरी) हा तारा ११ अंशांहून थोडा अधिक. एवढे मेहुण्यांनी पुढे मान्य केले, परंतु त्रिशंकूच्या पायथ्याशी असलेला मक्षिका हा अंधूक तारकासमूह तुम्हाला दिसणे शक्यच नाही, या मुद्द्यावर ते अडून बसले.

एका फेब्रुवारीत ते लग्नकार्यासाठी आले, तेव्हा मी त्यांना पहाटे मंद्रूपच्या पुढे नातेवाइकांच्या रानात नेले. शहराच्या दक्षिणेलाच जावे, म्हणजे दिव्यांचा उजेड पाठीमागे राहतो. ज्वारी अजून उभी होती आणि कणसांनी क्षितिज झाकले होते, म्हणून आम्ही बांधावर चढलो. तीनच्या सुमारास त्रिशंकू सरळ उभा राहिला. माझ्याकडे १०×५० ची (दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) साधी द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर होती. तिच्यातून एका वेळी दिसणारे क्षेत्र साडेसहा अंशांचे असल्यामुळे त्रिशंकूचा खालचा तारा क्षेत्राच्या वरच्या कडेला ठेवला की मक्षिकेतला सर्वांत तेजस्वी तारा खालच्या कडेजवळ, किंचित डावीकडे यायला हवा. पहिल्यांदा तेथे काहीच नव्हते. मग एक तांबूस ठिपका थरथरत दिसू लागला, नाहीसा झाला आणि पुन्हा त्याच जागी आला. हा तारा मुळात २.७ प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), पण ३ अंश उंचीवरून येणारा त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने चौदा-पंधरा पट हवा ओलांडून येतो आणि सुमारे तीन प्रतींनी मंदावतो. मेहुण्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘दिसला, पण याला पाहणे म्हणत नाहीत.’’

मी मात्र यालाच पाहणे म्हणतो. जो तारा रात्रभर डोक्यावर असतो त्याच्यासाठी ऋतू, वेळ, जागा, हवा यांपैकी कशाचाही विचार करावा लागत नाही. शिवाय त्रिशंकू ही ऑस्ट्रेलियाची मिरासदारी नव्हे: पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वी सोलापूरच्याच या माळावरून त्रिशंकूचा तोच खालचा तारा सुमारे २० अंश उंच दिसत होता.

दुर्बिणीबद्दल सांगायचे तर मोठी दुर्बीण घेऊ नका. क्षितिजालगत हवाच इतकी ढवळलेली असते की मोठ्या भिंगाचा उपयोग होत नाही. चांगली द्विनेत्री पुरेशी आहे. त्रिशंकू मे महिन्याच्या रात्री पाहावा असे सर्वत्र सांगितले जाते, तो सल्ला आपल्या भागासाठी वाईट आहे, कारण मेमध्ये सोलापूरचे क्षितिज धुळीने पांढुरके झालेले असते. फेब्रुवारीतील अमावास्येच्या आसपासची पहाट निवडा. संध्याकाळीच पाहायचे असेल तर दिवाळीच्या सुमारास बक आणि जटायू हे तारकासमूह पाहा. त्यांचे मुख्य तारे २५ ते ३० अंशांपर्यंत चढतात.

काही गोष्टींची मात्र आशा धरू नये. दक्षिण ध्रुवाभोवतीचा अष्टक हा तारकासमूह, तसेच फ्रेंच खगोलज्ञ लाकाय यांनी १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथे केलेल्या वेधांनंतर टेबल माउंटनवरून नाव दिलेला मेन्सा हा तारकासमूह, यांचे सर्वांत ठळक तारे येथून कधीच उगवत नाहीत. मोठा मॅगेलन मेघ (आपल्या आकाशगंगेजवळची छोटी दीर्घिका) गणिताने अडीच अंश वर येतो, पण एवढ्या हवेतून तो दिसेल असे समजून रात्र घालवू नका. आणि भीमेच्या अगदी काठावर जाऊ नका. पहाटे तेथे धुके साचते, त्यापेक्षा उंच माळ बरा.