जंगलातील सगळे कीटक एकाच सापळ्याने मोजता येतात का?

नाही, प्रत्येक सापळा काही कीटकांनाच झुकते माप देतो. जमिनीत काठोकाठ पुरलेल्या पेल्यात भुंगेरे आणि मुंग्या पडतात, पण पेल्याची कड मातीपेक्षा किंचित जरी वर राहिली, तरी भुंगेरा तिला वळसा घालून निघून जातो; शिवाय त्यात अधिक सापडणारा कीटक संख्येने अधिक असेलच असे नाही, तो केवळ अधिक भटका असू शकतो. पतंगांसाठी प्रकाशसापळा उत्तम, मात्र पौर्णिमेच्या आसपास त्यात कमी पतंग येतात. वृक्षशेंड्यांचे जग निराळेच आहे: कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले भुंगेरे तपासले आणि १९८२ मध्ये उष्णकटिबंधात संधिपादांच्या (कीटक, कोळी यांसारख्या सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या) ३ कोटी जाती असाव्यात असा अंदाज मांडला, जो आज बराच जास्त मानला जातो.