काळी-पांढरी डिजिटल प्रिंट बल्बखाली तटस्थ, खिडकीत हिरवट दिसते. ही छटा आकड्यांत मोजायची कशी?

स्पेक्ट्रोफोटोमीटर लागेल, म्हणजे प्रिंटवरून परतणारा प्रकाश मोजून रंगाचे आकडे देणारं यंत्र. विकत घेऊ नका, प्रिंटरची प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांची नोंद असलेली फाइल) बनवून देणाऱ्या लॅबवाल्याकडून मोजून घ्या. स्कॅनरवर भागत नाही, तो शाई आपल्या डोळ्यांसारखी बघत नाही.

कोऱ्या कागदापासून गडद काळ्यापर्यंत 21 पायऱ्यांची पट्टी छापा, रात्रभर सुकू द्या, मग प्रत्येक चौकोनाचं 'लॅब' (L*a*b*, रंग तीन आकड्यांत सांगायची पद्धत) मूल्य घ्या. एल म्हणजे उजळपणा, 0 ते 100. छटा असते ती ए आणि बीमध्ये. ए अधिक तर लालसर, उणे तर हिरवट. बी अधिक तर पिवळट, उणे तर निळसर.

खरी गोम कागदात आहे. कोऱ्या कागदाचाच बी उणे 5 आला, तर त्यात शुभ्रता वाढवणारं रसायन आहे (धुण्याच्या पावडरीत असतं तसलंच), आणि हलके करडे रंग तोच निळसरपणा उचलणार. म्हणून सगळीकडे शून्याचा हट्ट नको. कागदापासून काळ्यापर्यंत ए-बीची रेघ सावकाश सरकतेय का, ते बघा. मधल्या करड्यात बी अधिक 4 असला तरी उबदार म्हणून खपतो. पण तिथे ए उणे 2 झाला की प्रिंट आजारी वाटते.

तुमच्या बल्ब-खिडकीच्या भानगडीसाठी तेच वाचन डी50 (दिवसाचा उजेड) आणि ए (पिवळा बल्ब; वरच्या ए आकड्याशी याचा संबंध नाही) या दोन्ही प्रमाण प्रकाशांसाठी काढायला सांगा. दोन्हींचे आकडे एकमेकांपासून लांब गेले, तर करडा रंग बहुधा रंगीत शायांच्या मिश्रणातून बनतोय. प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) कृष्णधवल मोड लावून पट्टी पुन्हा छापा.