परीक्षण वाचताना आधी लिहिणाऱ्याचा कान बघा

घाटंजीकडच्या एका भाऊंचा प्रश्न दोन दिवसांपासून डोक्यात घोळतोय. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. रात्री शटर ओढलं की मोबाईलवर ख्याल ऐकतात, कधी जॅझ. ते विचारतात : शास्त्रीय संगीताची, जॅझची परीक्षणं लिहिणारे लोक असतात तरी कोण? सगळे घराण्यात तालीम घेतलेले असतात का? एकाच रेकॉर्डबद्दल दोघं अगदी उलटसुलट कसं लिहितात? आणि शेतकऱ्याच्या पोराने लिहिलं तर वाचणार कोण?

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि चाळीसेक वर्षं ऐकलेल्याची टिपणं वहीत लिहीत आलो. ऐकण्याइतकाच ऐकणाऱ्यांबद्दल वाचायचाही नाद होता, म्हणून जरा लांब लिहितो.

नेव्हिल कार्डसपासून सुरुवात करू. मँचेस्टरमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरणाऱ्या घरात हा माणूस वाढला. बाप कोण ते माहीत नाही. शाळा लहानपणीच सुटली, पुढचं शिक्षण सगळं फुकट वाचनालयात. मग एका शाळेत पोरांना क्रिकेट शिकवणाऱ्याच्या हाताखाली काम केलं. 'मँचेस्टर गार्डियन'ने त्यांना १९१९ मध्ये क्रिकेटच्या सामन्यांवर लिहायला पाठवलं आणि १९२७ मध्ये तेच त्या पेपरचे मुख्य संगीत समीक्षकही झाले. उन्हाळ्यात मैदान, हिवाळ्यात ऑर्केस्ट्रा. त्यांचं संगीतावरचं लिखाण वाचताना कळतं की हा माणूस सुरांच्या मागे उभा असलेला माणूस शोधतोय, जसा फलंदाजाच्या फटक्यात त्याचा स्वभाव शोधायचा तसा. संगीतशाळेत शिकलेल्या पंडिताला हे सुचलं नसतं, असं माझं मत आहे.

जॅझमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फिलिप लार्किनने, आणि त्याच्याशी माझं मुळीच पटत नाही. इंग्रजीतला मोठा कवी. नोकरी हल विद्यापीठात ग्रंथपालाची. १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्याने जॅझच्या रेकॉर्डवर लिहिलं. वेड शाळेपासूनचं. पोराचा नाद बघून घरच्यांनी ड्रम घेऊन दिले, शिकागोचं 'डाउनबीट' मासिक लावून दिलं. हे १९३० नंतरच्या दशकातलं. ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, सॅक्सोफोनवाला सिडनी बेशे यांच्या सुरांवर त्याचा कान तयार झाला तो तेव्हा. पुढे चार्ली पार्कर हा सॅक्सोफोनवादक आला, जॅझची भाषाच बदलली. लार्किनचा कान मात्र जुन्याच ठिकाणी थांबला. सुरुवातीची काही वर्षं तो नव्या रेकॉर्डबद्दल सांभाळून लिहीत राहिला. १९७० मध्ये त्या लेखांचं पुस्तक निघालं, तेव्हा प्रस्तावनेत त्याने सरळ सांगून टाकलं की हे मला आवडत नाही. पार्कर, कवी एझरा पाउंड आणि चित्रकार पिकासो या तिघांना त्याने एकाच ओळीत उभं केलं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबद्दल तर फार कडवट लिहिलं.

कोल्ट्रेन माझा जीव की प्राण. १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली, पुढे रविशंकरांवरून पोराचं नाव रवी ठेवलं. अशा माणसाबद्दल लार्किन असं लिहितो हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण पुन्हा उघडलं. कारण बेशेबद्दल तो लिहायला लागला की ती सोप्रानो सॅक्सोफोनची थरथर कागदावरून ऐकू येते. त्याचं प्रेम कशावर आहे ते मला माहीत आहे, म्हणून त्याच्या रागाचंही माप काढता येतं. कोल्ट्रेनला तो शिव्या देतो तेव्हा मला कळतं की या रेकॉर्डमध्ये काहीतरी नवं असणार! ज्या परीक्षकाचं कशावरच प्रेम दिसत नाही, जो प्रत्येक रेकॉर्डला साडेतीन तारे देऊन मोकळा होतो, त्याच्यापासून मला आजवर काही मिळालं नाही.

तुमच्या 'उलटसुलट का लिहितात' याचं उत्तर इथेच आहे. रेकॉर्ड एकच असते, कान वेगवेगळ्या ठिकाणी घडलेले असतात. एरिक हॉब्सबॉम हा एवढा मोठा इतिहासकार. सोळा वर्षांचा असताना, १९३३ मध्ये लंडनला त्याने ड्यूक एलिंग्टनचा बँड प्रत्यक्ष ऐकला. पुढे 'न्यू स्टेट्समन' या साप्ताहिकात त्याने 'फ्रान्सिस न्यूटन' या टोपणनावाने जॅझवर लिहिलं. फ्रँकी न्यूटन नावाचा एक ट्रम्पेटवादक होता, बिली हॉलिडे या गायिकेच्या साथीला वाजवणारा आणि विचाराने साम्यवादी. नाव त्याच्यावरून घेतलं. हॉब्सबॉमला जॅझमध्ये कष्टकऱ्यांचं जगणं ऐकू येतं. लार्किनला ऐकू येतो पोरवयातला आनंद. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आता आपल्याकडे या. केशवराव भोळे आपल्या अमरावतीचे. डॉक्टर व्हायला मुंबईला गेले आणि गाण्यात रमले. गायकांवर त्यांनी जे लेख लिहिले त्यासाठी टोपणनाव घेतलं 'एकलव्य'. भाऊ, हे नाव नीट बघा. गुरूच्या पायाशी बसायला न मिळालेला, दुरून बघून-ऐकून शिकलेला शिष्य. पुढे त्यांनी 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' चित्रपटाला संगीत दिलं, तेव्हा ते काही अडाणी श्रोते नव्हते. पण लिहायला बसताना त्यांनी स्वतःला एकलव्य म्हणवून घेतलं.

वामनराव देशपांडे तर हिशेबतपासनीस होते, चार्टर्ड अकाउंटंट. दिवसा लोकांचे ताळेबंद, आणि गाण्याची तालीम गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे. त्यांचं 'घरंदाज गायकी' हे पुस्तक वाचताना ताळेबंद तपासणारा माणूस लपत नाही. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, आणि मध्ये कुठे कोणतं घराणं बसतं याची त्यांनी मांडणी केली. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, आणि तोल साधलेलं जयपूर मधोमध. मोगूबाई जयपूरच्या, हे ध्यानात ठेवून वाचा. माप पक्षपाती आहे असं मी म्हणेन, पण उघड्यावर ठेवलेलं आहे. मी तीस वर्षं त्याच मापाने ऐकतोय आणि त्याच मापाशी भांडतोय.

माझा कान कुठला तेही सांगतो. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजन, खंजिरीवर. पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हापासून ती थाप अंगात. म्हणून जॅझ ऐकताना माझं ध्यान पियानोआधी ड्रमवर जातं. केनी क्लार्क नावाच्या ड्रमरने लय धरायचं काम पायाखालच्या मोठ्या ढोलाकडून काढून वरच्या झांजेकडे दिलं, हे पुस्तकात वाचण्याआधी मला ऐकू आलं होतं. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. ख्यालात मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे म्हटले की माझं पारडं आधीच झुकलेलं असतं. ते मी लपवत नाही.

दुसरी गोष्ट रेडिओची. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आणि त्यानंतर शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा विलिस कोनोव्हर. हा माणूस १९५५ पासून जगभर जॅझ ऐकवत होता. खर्जातला आवाज, इतकं सावकाश आणि स्पष्ट इंग्रजी की आमच्यासारख्या गावच्या पोरालाही समजावं. सुरुवातीला एलिंग्टनच्या बँडची 'टेक द ए ट्रेन' वाजायची. कडुलिंबाला तार बांधून एरियल केली होती. शॉर्टवेव्हवर आवाज फुगायचा आणि विरायचा, लाटेसारखा. ते चढउतार वाजवणाऱ्याचेच आहेत असं मी धरून चाललो होतो. पुढे नागपूरला एका मित्राकडे तीच रचना कॅसेटवर ऐकली, सपाट, स्वच्छ. मला वाटलं, यातलं काहीतरी हरवलंय. तेव्हा कळलं की माझ्या ऐकण्यात वादकाइतकाच त्या तारेचाही हात होता. त्या दिवसापासून वहीत प्रत्येक टिपणाच्या वर लिहितो : कशावर ऐकलं, किती वाजता, कितव्यांदा.

तर भाऊ, तालीम लागतेच असं नाही. मिळाली तर सोनं; निदान तानपुऱ्यात सूर लागलाय की नाही एवढं कळायला हवं आणि तालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकता कामा नये. त्याला एखाद्या भजनी मंडळात दोन वर्षं बसणं पुरतं. त्याहून जास्त लागतं ते पुन्हा पुन्हा ऐकणं. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांची १९६० ची एलपी, म्हणजे मोठी तबकडी आहे, एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा हा दिवस बुडायच्या वेळेचा राग. षड्ज, म्हणजे मुक्कामाचा 'सा', मुद्दाम टाळत राहतो, पाय टेकू देत नाही. शहरातल्या सभागृहात बसलेल्या परीक्षकाला बाहेर दिवस कधी बुडाला ते कळतसुद्धा नाही. तुम्हाला कळतं. वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाया धुऱ्याधुऱ्याने परततात, अजून उजेड असतो पण सावली उरत नाही, ती वेळ तुम्ही रोज बघता. त्या वेळेला शेतात बसून तो मारवा आठ दिवस ऐका. दुसरं काहीच ऐकू नका. मग खाँसाहेब शेवटी षड्जावर येतात तेव्हा तुमच्या छातीत काय होतं, तेवढंच लिहा.

पानभर पुरे. लिहून झालं की इथेच टाका. वर पहिल्या ओळीत हेडफोन कोणता होता ते आणि गावातलं कोणतं गाणं लहानपणापासून कानात आहे ते लिहायला विसरू नका. वसंतरावांचाही एक मारवा आहे. तो कोणता, हे तुमचं लिखाण वाचून झाल्यावर सांगतो.