मनासारखी चिठ्ठी निघेपर्यंत

तिने पर्समधून वचनांची छोटी पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. आत बायबलमधली वचनं छापलेल्या कागदाच्या बारीक गुंडाळ्या. हाताळून हाताळून कडा कापसासारख्या मऊ पडलेल्या.

"ताई, काल रात्री अकरा काढल्या. एकीत 'भिऊ नको' आलं, दुसरीत 'शांत राहा'. मग मी जायचं की थांबायचं?"

ती अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या एका गावात स्टाफ नर्स आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). घरी आई एकटी. पुण्याच्या एका हॉस्पिटलातून बोलावणं आलेलं आणि आठ दिवसांत कळवायचं होतं. पण बोलता बोलता उलगडलं की प्रश्न एकट्या पुण्याचा नव्हता. ड्युटी बदलून द्यायची का, आईसाठी गिझर घ्यायचा का, यालासुद्धा चिठ्ठी. मनासारखी निघाली तर 'हे माझंच मन', नाही निघाली तर 'प्रभू नाराज'. रात्रीची झोप उडाली होती.

"प्रभूची इच्छा कशी ओळखायची?" हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींत सारखा निघतो. त्याच्या पोटात बहुधा दुसराच प्रश्न असतो. म्हणून मी तिला विचारलं, "चुकलीस तर काय होईल असं वाटतं?"

बराच वेळ ती पदराच्या पिनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "पप्पांसारखं होईल." ती चौदा वर्षांची असताना वडील रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी, कामावर निघाले आणि रस्त्यात अपघातात गेले. मातीला आलेल्या एका वडीलधाऱ्याने तिच्यादेखत म्हटलं, "देवाच्या इच्छेबाहेर पाऊल टाकलं की असं होतं." हे ऐकून मला आजही राग येतो. बाप गमावलेल्या लेकराच्या हाती त्या माणसाने असा देव दिला, जो मनातलं सांगत नाही आणि अंदाज चुकला की मारतो.

तिने बायबलमधल्या गिदोनाचा दाखला काढला, शत्रूशी लढायला देवाने निवडलेल्या माणसाचा. त्यानेही खळ्यात लोकर ठेवून, दव फक्त तिच्यावर पडावं, असं चिन्ह देवाकडे मागितलं होतंच की. आम्ही बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाचा 6वा अध्याय उघडला. मी तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. 14व्या ओवीत देवाने त्याला जायला सांगितलेलं आहे. लोकर येते 36व्या ओवीनंतर, आणि तिथे गिदोन स्वतःच म्हणतो, 'तू म्हटल्याप्रमाणे'. म्हणजे देवाची इच्छा त्याला ठाऊक होती, धीर होत नव्हता. देवाने त्याची भीती सांभाळून घेतली, दोनदा. पण रोज सकाळी लोकर पसरा, असं कुठेच सांगितलेलं नाही.

रोजच्यासाठी जे सांगितलंय ते उघड आहे. बायबलमधल्या 'थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र' याच्या 5व्या अध्यायात आनंदित असा, निरंतर प्रार्थना करा, उपकारस्तुती करा, असं लिहून प्रेषित पौल म्हणतो की हीच तुमच्याविषयी देवाची इच्छा. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात (6:8) न्याय, दया, देवाबरोबर नम्रतेने चालणं. हे पुण्यातही करता येतं आणि गावातही. उरलेल्या गोष्टींत बाप लेकराला विचार करू देतो. याकोब तर त्याच्या पत्रात म्हणतो, ज्ञान कमी पडलं तर मागा, देव दोष न लावता देतो. 'दोष न लावता' इथे ती थांबली आणि रडली.

मग आम्ही साधा हिशोब मांडला: पगार, खोलीचं भाडं, आईच्या बीपीच्या गोळ्या, महिन्यातून किती वेळा एसटीने येता येईल. मी म्हटलं, आईला विचारलंस का? विचारलंच नव्हतं! चिठ्ठ्या अकरा, आणि शेजारच्या खोलीतल्या आईला एक शब्द नाही. झोपेसाठी आणि पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याच्या त्या ओढीसाठी मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. भीतीचं असं चक्र आजार असू शकतं, ते विश्वासाची उणीव म्हणून सोडून देऊ नये.

आई म्हणाली, "जा. मावशी आहे शेजारी."

ती पुण्याला गेली. पेटी आईकडेच आहे. सकाळच्या प्रार्थनेत आई एकच वचन काढते आणि फोनवर वाचून दाखवते. परवा तिचा फोन आला. नाइट ड्युटीत कधी कधी अजून पोटात गोळा येतो म्हणाली, चुकलं तर नाही ना. मग एक 'प्रभूची प्रार्थना' म्हणते आणि पुढच्या पेशंटचं सलाईन बघायला जाते.